बाबांची बेंबी

त्या घरात तेव्हा दोन पोटं होती. एक बेबीचं आणि एक बाबांचं. बेबीच्या पोटात काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं, मुलगा की मुलगी एवढाच प्रश्न बाकी होता. बाबांच्या पोटात तोही प्रश्न नव्हता. तिथे नुसतं पाणी होतं.

बेबी हे तिचं घरातलं नाव. पाळण्यात असताना चिकटलं ते लग्न झालं तरी सुटलं नाही. एका वॉशिंग मशीनच्या कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायच्या, ही तिची नोकरी. समोरचा कितीही तापला तरी आपण थंड राहायचं, याचाच तिला पगार मिळायचा. नवरा मालवाहू बोटीवर. तो परतेपर्यंत आईबाबांकडे राहू, चार दिवस लाड करून घेऊ, अशा विचारानं ती आली, तर घरात आधीच एक पोटुशी बसलेली!

"तू मोठी की मी मोठा?" बाबा रोज सकाळी तिच्याशेजारी आरशासमोर उभे राहून विचारायचे.

"तुम्हीच मोठे, बाबा."

"मान राखतेस हो वडिलांचा."

बाबांचं खाली रस्त्यावर केस कापायचं दुकान होतं. गिऱ्हाइकं त्यांना मास्टर म्हणत. मास्टरांनी जन्मात दारूचा थेंब चाखला नव्हता, पण लिव्हर खराब झालंय म्हटलं की ऐकणारा डोळा मिचकावून 'चालायचंच' म्हणायचा. खरं म्हणजे तरुणपणीची एक कावीळ वरवर बरी होऊन आत दबा धरून बसली होती. तिनं सावकाश लिव्हरची पार खारीक करून टाकली आणि पोटात पाणी साचायला लागलं. न पिताच बदनामी झाली, याचं बाबांना आजारापेक्षा जास्त दुःख. "निदान चव तरी घेतली असती," म्हणायचे.

पोट वाढलं तसं ते कामात आडवं यायला लागलं. आधी पोट गिऱ्हाइकापर्यंत पोचायचं, मग कात्री. पण कुणाची तक्रार नव्हती. मास्टरांच्या पोटाला डोकं टेकून दाढी करून घ्यायची मजा काही औरच, असं जुनी गिऱ्हाइकं सांगत.

मग त्या पाण्याच्या रेट्यानं बेंबी बाहेर आली. आधी बोराएवढी, मग लिंबाएवढी, आणि शेवटी शर्टातून कुणी दिव्याचा बल्ब दाबून धरावा तशी. तिथलं बटण लागेना. डॉक्टरांनी सांगितलं, हा हर्निया. पोटाच्या भिंतीला भोक पडलंय, त्यातून आतलं बाहेर डोकावतंय. पण एवढं पाणी असताना शिवलं तर टाके टिकायचे नाहीत आणि हे लिव्हर ऑपरेशन सोसेल याचीही खात्री नाही. आधी पाणी आटोक्यात आणू. मीठ बंद. मात्र ती बेंबी कडक झाली, दुखायला लागली, रंग बदलला, उलटी झाली, तर पळत या.

बेबीची आई बसमध्ये कंडक्टर. तिनं ही लक्षणं बसच्या थांब्यांसारखी ओळीनं पाठ केली आणि बेबीकडूनही पाठ करून घेतली. "कडक, दुखणं, रंग, उलटी. मधे कुठे उतरायचं नाही, थेट हॉस्पिटल. कळलं?"

मीठ तर तिनं कुलुपातच घातलं. बाबा आठवडाभर गरीब गाईसारखे अळणी जेवले. आईला संशय आला तो त्यामुळेच. शेवटी एका गिऱ्हाइकाच्या मानेवर पावडर मारताना डब्यातून शेंगदाण्याची सालं उडाली आणि बिंग फुटलं. पावडरच्या डब्यात बाबांनी खारे दाणे दडवून ठेवले होते.

"अहो, लाज नाही वाटत? गुलाबाच्या वासाचे दाणे खाता?"

"सवय होते गं," बाबा म्हणाले.

पाणी फारच वाढलं, तेव्हा हॉस्पिटलात सुई घालून ते काढून टाकलं. बाबा घरी आले ते हवा गेलेल्या चेंडूसारखे सैल होऊन. पण स्वारी खुशीत होती. जुनी पँट शोधून काढली, पट्टा आवळला, वाकून स्वतःच्या चपला स्वतः घातल्या आणि आरशासमोर बेबीला म्हणाले, "आज तू मोठी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई ड्यूटीवर गेली. बेबी बाबांच्या गोळ्या घेऊन जिना उतरली. दुकानात खुर्चीत एक टॅक्सीवाला बसला होता. दाढी जंगलासारखी वाढलेली, एक गाल साफ झालेला, दुसऱ्यावर साबणाचा फेस. बाबांचा वस्तरा त्या दुसऱ्या गालापाशी हवेत थांबला होता.

बेबीनं गोळ्या फळीवर ठेवल्या. बाबांची जीभ थांबलेली तिनं कधीमधी पाहिली होती, वस्तरा थांबलेला कधीच नाही.

"काय होतंय, बाबा?"

"काही नाही. गॅस झालाय."

त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब उभे होते. एका हातानं त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

"शर्ट वर करा."

"गिऱ्हाइकासमोर? काहीतरीच काय!"

बेबीनं दीर्घ श्वास घेतला आणि नोकरीतला आवाज काढला. "सर, तुमची गैरसोय मी समजू शकते. तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. शर्ट वर करा."

का कोण जाणे, पण त्या आवाजापुढे माणसं वॉशिंग मशीनसुद्धा स्वतः उघडून बघायची. बाबांनी शर्ट वर केला. बेंबी तट्ट फुगून चकाकत होती आणि तिचा रंग वांग्यासारखा झाला होता. बेबीनं बोट लावलं, तर दगड. बाबा कळवळले, वळले आणि केस धुवायच्या बेसिनमध्ये भडाभडा ओकले.

चारही थांबे झाले होते.

टॅक्सीवाला गळ्यातल्या फडक्यासकट उठला. "ताई, गाडी दारातच आहे. मास्टरना धरा तुम्ही, नाही, तुम्ही नका धरू, मीच धरतो."

"अरे, तुझा दुसरा गाल," बाबा म्हणाले.

"गाल कुठे पळून जातोय, मास्टर! बसा आधी."

त्यानं टॅक्सी अशी हाणली की रस्त्यातला प्रत्येक खड्डा बेबीच्या पोटातल्यानं आतून लाथ मारून मोजला. बाबा डोळे मिटून, दात आवळून बसले होते. बेबीनं आईला फोन लावला आणि एवढंच सांगितलं, "आई, सगळं झालं. कडक, दुखणं, रंग, उलटी."

"कोणत्या हॉस्पिटलात?" आईनं विचारलं, नाव ऐकलं आणि फोन ठेवला. ठेवता ठेवता पलीकडून तिची शिट्टी ऐकू आली.

हॉस्पिटलच्या दारात टॅक्सी थांबली. बेबी आधी उतरली. घामाघूम झालेली, धापा टाकणारी, एक हात कमरेवर आणि एक पोटाखाली. दारातल्या दोघा वॉर्डबॉयनी हे दृश्य बघितलं, आणि ती 'अहो' म्हणेपर्यंत तिच्या गुडघ्यांमागे चाकाची खुर्ची येऊन आदळली.

"अहो, मी नाही! पेशंट ते आहेत! वडील!"

"हो, हो, वडील येतील मागनं. तुम्ही श्वास घ्या."

"मला काही होत नाहीये!"

"सगळ्या पहिलटकरणी असंच म्हणतात," दुसरा म्हणाला, आणि खुर्ची सुसाट लिफ्टकडे निघाली.

मागून बाबांचा आवाज आला, "बेबी! माझी बेबी कुठे नेली?"

"होईल हो बेबी, आजोबा," दारावरचा गार्ड समजुतीनं म्हणाला. "वेळ लागतो. तिथं बाकावर बसा."

बाळंतपणाच्या वॉर्डात बेबीला पलंगावर आडवं करून, पोटावर पट्टा बांधून, बाळाचे ठोके मोठ्या आवाजात चालू करून झाले. नर्स चांगली होती. तिनं बेबीचा हात हातात घेऊन विचारलं, "कळा कधीपासून येतायत?"

"मला नाही. बाबांना दुखतंय."

"होतं असं काही पुरुषांना. मन फार लागलेलं असतं ना लेकीत."

तेव्हा मात्र बेबी उठून बसली. पट्टा सोडला आणि नोकरीतल्या आवाजाची शेवटची, फक्त संकटात वापरायची पट्टी लावली. "तुमचं पूर्ण नाव सांगाल का? आपलं हे बोलणं रेकॉर्ड होत आहे."

नर्सचा हात गळून पडला. पुढच्या क्षणी तीच चाकाची खुर्ची, तोच वॉर्डबॉय आणि तीच लिफ्ट उलट्या दिशेनं.

खाली तातडीच्या विभागात बेबीनं पाहिलं ते असं. पलंगावर टॅक्सीवाला. त्याला तिघांनी दाबून धरलेलं. एक शिकाऊ डॉक्टर ओरडत होता, "तोंडाला फेस आलाय! काय प्यायलाय विचारा!" आणि पलंगाच्या कडेला धरून, निम्मे वाकलेले बाबा होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून सांगत होते, "अहो, साबण आहे तो! माझा साबण आहे!"

"तुम्ही मधे बोलू नका, काका. पेशंटचे कोण तुम्ही?"

बाबांनी उत्तर म्हणून त्या डॉक्टरच्या बुटांवर उलटी केली. मग सगळ्यांचं लक्ष बरोबर जागी गेलं.

सर्जन बाई होती. लहानखुरी, केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं. तिनं बाबांच्या पोटाला हात लावला, वांग्याकडे बघितलं आणि एकदाच भुवई उचलली.

"पाणी काल काढलं?"

"हो," बेबी म्हणाली. "बरं वाटत होतं त्यांना."

"त्यामुळेच झालंय. पोट भरलेलं होतं तोवर भोक ताणलेलं होतं, आतडं आतबाहेर करायचं. पाणी गेलं, पोट सैल पडलं, भोक आवळलं. आतड्याचा एक पदर बाहेर फिरायला आलेला, तो बाहेरच अडकला. दार लागलं."

"मग ढकलून आत..."

"नाही जाणार. आणि काळं पडलेलं आतडं आत ढकलणं म्हणजे घरात चोर घेणं. ऑपरेशन करावं लागेल. आजच. आत्ताच."

तेवढ्यात दाराशी गलका झाला. "वाट द्या, वाट द्या, पुढे सरका, दारात गर्दी करू नका!" बेबीनं मान न वळवता ओळखलं. आई गणवेशात होती, तिकिटाचं मशीन गळ्यात लटकलेलं. तिची बस याच रस्त्यानं जायची. तिनं भर बसमध्ये उभं राहून सांगितलं होतं की माझा नवरा आजारी आहे, ज्यांना मधे उतरायचंय त्यांनी माफ करावं, आणि ड्रायव्हरनं एकही थांबा न घेता बस हॉस्पिटलच्या फाटकात आणून लावली होती. एका म्हाताऱ्यानं तर उतरताना 'काही काळजी करू नका' म्हणून तिला स्वतःची पाण्याची बाटली दिली होती. ती तिच्या काखेत होती.

"जगतील ना?" तिनं सर्जनला सरळच विचारलं.

"ऑपरेशन नाही केलं तर नाही. केलं तर बहुधा. त्यांचं रक्त नीट गोठत नाही, भूल सोसायला लिव्हर कमजोर आहे, नंतर पाणी टाक्यांतून गळू शकतं, भ्रम होऊ शकतो. मी काही लपवत नाहीये."

"पण खात्रीनं..."

"खात्रीनं सांगणारा डॉक्टर भेटला तर त्याच्यापासून लांब राहा, काकू."

आईनं गळ्यातलं मशीन काढलं, बेबीच्या मांडीवर ठेवलं आणि बाबांच्या पलंगापाशी जाऊन त्यांच्या शर्टाची उघडी बटणं उगाचच लावायला लागली. सर्जननं ती पुन्हा उघडायला सांगितली.

मग धावपळ सुरू झाली. नाकातून नळी गेली, हातात सुया गेल्या, रक्त गोठायला मदत व्हावी म्हणून पिवळसर प्लाझ्माची पिशवी टांगली. आणि मग पोटावरचे केस काढायला एक वॉर्डबॉय बोथट ब्लेडचा रेझर घेऊन आला. त्यानं पहिला हात मारला मात्र, बाबांनी नाकात नळी असतानाही डोळे उघडले.

"कोरड्यावर?"

"काय, काका?"

"कोरड्यावर चालवतोस? पाणी लाव आधी. आणि केस कुठल्या दिशेला पडलेत बघ ना. मांजराला उलटं गोंजारशील का तू?"

"काका, पोट आहे हे. कोण बघणार आहे?"

"मी बघणार आहे!"

वॉर्डबॉय मुकाट्यानं पाणी घेऊन आला. बाबा कळा सोसत, मधे थांबत, त्याला मनगट कसं ढिलं ठेवायचं ते सांगत राहिले. दुखण्यावर तेवढाच उतारा. अर्धं पोट झालं तेव्हा त्यांनी 'बरा आहेस' असा शेरा दिला.

एवढ्यात टॅक्सीवाला परत आला. मधल्या वेळात त्यानं हॉस्पिटलसमोरच्या दुकानात जाऊन दुसराही गाल साफ करून घेतला होता. फेस बघून जो तो त्याला पुन्हा पलंगावर आडवा करत होता, बिचारा काय करणार! बाबांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. आतडं अडकल्याचं दुःख एकीकडे आणि हे एकीकडे.

"कल्ले बघ तुझे. एक वर, एक खाली. कुणी विचारलं तर मी केले म्हणून सांगू नकोस."

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी पलंग थांबला. आई कुठल्याशा सह्या करायला गेली होती. बेबी एकटीच जवळ होती. बाबांनी तिला खूण करून वाकायला सांगितलं. तिला कसलं वाकता येतंय! ती पलंगावर टेकली.

"बेबी, मी घाबरलोय गं."

तिला रोज शेकडो माणसांना द्यायची वाक्यं पाठ होती. मी समजू शकते. लवकरच सोडवू. थोडा वेळ लाइनवर राहा. त्यातलं एकही तोंडातून निघेना. "मीपण," ती म्हणाली, आणि त्यांचा हात घेऊन आपल्या पोटावर ठेवला. आतून एक सणसणीत लाथ बसली. बाबांच्या नळी लावलेल्या चेहऱ्यावर हसू आलं. मग दार उघडलं आणि ते आत गेले.

बाहेरच्या बाकावर आई काही टेकली नाही. पॅसेजमध्ये ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होती. वाटेत उभ्या असलेल्या इतर पेशंटच्या नातेवाइकांना 'आत सरका, आत जागा आहे' म्हणत होती आणि ते सरकतही होते. कुणीतरी चहा आणला, तो गार झाला. बेबीला मधेच वाटायचं की बाबा गेले, आणि मधेच वाटायचं की भूक लागलीय, आणि दोन्ही एकदम वाटण्याची लाज वाटायची. टॅक्सीवाल्यानं न विचारता बिस्किटं आणून ठेवली आणि तो निघून गेला.

दुपार उतरणीला लागली तेव्हा सर्जन बाहेर आली. तोंडावरचा मास्क खाली ओढलेला, कपाळावर टोपीचा वळ.

"आतडं निळं पडलं होतं. गरम ओलं फडकं ठेवून वाट बघितली. बघता बघता गुलाबी झालं. कापावं लागलं नाही."

आई तिथेच बाकावर बसली. बसली म्हणजे कोसळलीच.

"पाणी ओढून काढलं, भोक शिवलं. जाळी बसवली नाही, अशा वेळी जंतूंची भीती असते. एक नळी ठेवलीय बाजूनं, साचणारं पाणी तिच्यातून येईल, म्हणजे टाक्यांवर ताण यायचा नाही. आणि हो, वरची कातडी मेली होती. बेंबी काढावी लागली."

"काढली म्हणजे?" आईनं विचारलं. "मग आता तिथे काय आहे?"

"शिवण."

बाबा नीट शुद्धीवर आल्यावर ही बातमी त्यांना कुणी सांगायची यावर मायलेकींत थोडी कुजबुज झाली. शेवटी आईनं सांगितलं. बाबांनी पांघरूण उचलून आत डोकावून पाहिलं.

"बेंबीच नाही? मग माणसानं बेंबीच्या देठापासून ओरडायचं कसं?"

"तुम्ही हळू बोलायचं," आई म्हणाली. "या घरातलं ओरडणं मी बघते."

दोन दिवस बरे गेले. मग एका सकाळी बाबा शेजारच्या पलंगावरच्या पेशंटला विचारायला लागले, मागून बारीक करू की मध्यम? तो हसला. नर्स हसली. फळं घेऊन आलेली बेबीही हसली. मग बाबा तिच्याकडे वळले आणि फार अदबीनं म्हणाले, "बाई, लेडीजचं पार्लर पलीकडच्या गल्लीत आहे हां. इथे फक्त पुरुषांचं."

बेबीचं हसू ओठावरच गोठलं. थट्टा करताना बाबांचे डोळे आधी हसायचे. हे डोळे तिला ओळखत नव्हते.

तिनं पिशवी तिथेच टाकली आणि डॉक्टरांना गाठलं. सर्जन आली, बाबांना म्हणाली, "काका, हात पुढे करा. ट्रॅफिक पोलिसासारखे. तळवे समोर." बाबांनी हात पुढे केले. ते जागेवर राहीनात. मनगटातून पंखांसारखे फडफडत खाली पडायचे, पुन्हा वर यायचे, पुन्हा पडायचे. गळ्यापाशी वस्तरा धरणारे ते हात. बेबीनं तोंड फिरवलं.

"लिव्हरला रक्त साफ करणं झेपत नाहीये," सर्जन म्हणाली. "ते विष डोक्यात चढतंय. मी म्हणाले होते, होऊ शकतं. उपाय आहे. एक गोड औषध आहे, पोट सपाटून साफ करणारं. पोट साफ झालं की डोकं साफ होतं."

ते पातळ, साखरेच्या पाकासारखं औषध बाबांना पाजायचं काम आईनं घेतलं. बाबा तोंड घट्ट मिटायचे, आई नाक दाबायची. त्यानंतरच्या भानगडी सांगण्यासारख्या नाहीत. चादरी बदलून बदलून वॉर्डातल्या मावशी थकल्या आणि आईनं गणवेशाच्या बाह्या वर करून स्वतः हात घातला. तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. पण बेबीनं पाहिलं, बाबा झोपले की आई त्यांचे दोन्ही तळहात आपल्या तळहातांत दाबून बसायची, फडफडू नयेत म्हणून.

एका दुपारी बाबांनी डोळे उघडले, समोरच्या वाडग्यातलं सूप चाखलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "अळणी आहे."

आईनं वॉर्डभर ओरडून सांगितलं, "अळणी म्हणाले! अहो, अळणी म्हणाले!" लोकांना वाटलं, बाईला भ्रम झाला.

बाबा घरी आले. नळी निघाली, टाके टिकले. पाणी पूर्ण थांबलं नाही, पण गोळ्यांनी आणि पथ्यानं दबकून राहिलं. आता मिठाच्या डब्याकडे ते स्वतःच वाकड्या नजरेनं बघायचे. यथावकाश बेबीला कळा सुरू झाल्या. त्याच हॉस्पिटलात, त्याच नर्सनं तिला बघून विचारलं, "आज नक्की तुम्हालाच दुखतंय ना?" मुलगी झाली. काळंभोर, डोकंभर जावळ घेऊन आलेली. बाबांनी ते केस दोन बोटांत धरून बघितले आणि 'जाड आहेत, पुढे त्रास देणार' असं धंद्याचं मत दिलं.

तपासणीच्या दिवशी सर्जननं त्यांना लिव्हरच्या मोठ्या डॉक्टरांसमोर बसवलं. मोठे डॉक्टर म्हणाले, शिवण छान आहे, पण गळकं छप्पर तसंच आहे. आज ना उद्या नवं लिव्हर लागेल. जिवंत माणूसही देऊ शकतो, एक तुकडा. देणाऱ्याचं उरलेलं पुन्हा वाढतं.

"माझं घ्या," आई म्हणाली. पुढचा थांबा कोणता, हे सांगावं तशी.

"अजिबात नाही!" बाबा उठून उभे राहिले. "हिचा तुकडा माझ्यात घालणार? आयुष्यभर बाहेरून हुकूम सोडतेय, आता आतूनही सोडेल."

मोठे डॉक्टर हसले. बेबी हसली नाही. बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि तसं फक्त त्यांना भीती वाटली की व्हायचं. घरी आल्यावर बेबीनं तान्हीला त्यांच्या मांडीवर दिलं आणि शेजारी बसून राहिली.

"मला काय होईल याचं नाही गं," शेवटी ते तान्हीकडे बघत म्हणाले. "तिला काही झालं तर? माझ्यापायी धडधाकट बाई टेबलावर घालायची?"

"हे तिला सांगितलंत?"

"तिच्यासमोर वाक्य पूर्ण झालंय का कधी माझं?"

आईनं वाट बघितली नाही. ड्यूटीच्या आधी, ड्यूटीच्या नंतर, ती एकेक तपासणी करून आली. रक्त जुळलं. पोटाचे फोटो चांगले आले. एका संध्याकाळी ती तशीच गणवेशात दुकानात शिरली. बाबा आरसा पुसत होते, बेबी बाकावर तान्हीला थोपटत होती.

"जुळलं," आई म्हणाली. "सगळं जुळलं. डॉक्टर म्हणाले, उत्तम लिव्हर आहे. पुढच्या महिन्यात करू."

बाबा आरसा पुसत राहिले. आई म्हणाली, "आता बोला काय बोलायचं ते. मी मधे बोलणार नाही. पूर्ण बोला."

बाबांनी फडकं खाली ठेवलं. आरशातूनच तिच्याकडे बघितलं. त्यांनी खुर्ची तिच्याकडे फिरवली आणि बैठकीवर थाप मारली.

"बस."

इतक्या वर्षांच्या संसारात आई त्या खुर्चीत कधी बसली नव्हती. 'पुरुषांच्या दुकानात मी नाही' म्हणायची आणि घरीच कात्रीनं टोकं उडवायची. ती इकडेतिकडे बघत बसली. बाबांनी पांढरं फडकं झटकून तिच्या गळ्याभोवती बांधलं, घट्ट नाही, सैल नाही, मग अंबाड्याचे आकडे एकेक करून काढले आणि फळीवर ठेवले. केस खाली पडले. बरेच पांढरे होते. बाबांनी कंगवा हातात घेतला.

"थोडेच कापा," आई म्हणाली.

"गिऱ्हाइकानं बोलायचं नसतं."

कात्री चालायला लागली. बेबीनं तान्हीचं तोंड तिकडे वळवून धरलं, तिला काय कळणार होतं, पण तरी. बाबा मागून, बाजूनं, डोकं किंचित कलतं करून, पुन्हा मागून बघत होते. खूप वेळ लावला त्यांनी. कुठल्याही गिऱ्हाइकाला एवढा लावला नव्हता.

आईनं आरशात डावं-उजवं करून पाहिलं.

"डावीकडे लांब राहिलेत."

"कुठे?"

"हे काय, दिसत नाही?"

"तू मान वाकडी धरलीयस म्हणून."

"मी सरळच बसलेय. तुम्ही वाकडे उभे आहात."

"अगं, इतकी वर्षं केस कापतोय मी!"

"म्हणून सांगतेय, अजून सुधारायला वेळ आहे," आई म्हणाली, आणि मान सरळ करून पुन्हा आरशाकडे तोंड केलं.